साखर जास्त झाली आहे

प्रिय धाकटे,

रविवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या स्वयंपाकघरातलं वरचं कपाट न विचारता उघडलंस आणि संत्र्याच्या स्क्वॉशच्या शेवटच्या दोन बाटल्या पाहुण्यांसाठी फोडल्यास. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. हल्ली तेच करते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी ज्या दिवशी शिकवलं, त्या दिवशी तू बहुधा शाळा बुडवली असणार.

आणि पाहुणे कोण, तर तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी! ‘ताईला जरा बरं वाटेल’ म्हणून आणलेली. त्या टकलू हिशेबनिसाने तिसरा ग्लास संपवून विचारलं, ‘कुठल्या कंपनीचं हो हे?’ तू हसलीस. मी घड्याळ बघितलं.

त्या बाटल्या तुझ्या भावोजींनी गेल्या वर्षी भरल्या होत्या. पुढे उन्हाळ्यात ते गेले. तू दरवर्षी आयती बाटली घेऊन जायचीस, पण ती कशी भरली जाते हे कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. बाटल्या उकळून पंचावर उपड्या घालणं, रस गाळणं, पाक करणं, सगळं त्यांचं. मला ओट्याजवळ मज्जाव. ‘तुझं काम फक्त जिभेचं, आणि ती चालवायला तुला शिकवावं लागत नाही,’ म्हणायचे. मापाचं भांडं त्यांनी कधी घेतलं नाही. थंड झालेला चमचा माझ्यापुढे धरायचे. मी म्हणायचे, ‘साखर जास्त झाली आहे.’ ते अर्धं लिंबू पिळायचे. पुन्हा चमचा. ‘अजून गोडच आहे.’ पुन्हा लिंबू. मी गप्प झाले, की बाटल्या भरायच्या. इतक्या वर्षांत या माणसाला साखर कळली नाही, असंच मी सगळ्यांना सांगत आले.

रविवारी तू मलाही ग्लास दिलास. आजाऱ्याला देतात तशी वर नळी खोचून. मी सगळा प्यायले. गार होता, एवढं कळलं. बाकी काही नाही. ते गेल्यापासून मला कशाचीच चव लागत नाही. चहाची नाही, मिठाची नाही, कडू गोळीचीही नाही. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, म्हणाले, जीभ उत्तम आहे. कोणाला बोलले नाही. चव परत येईल तेव्हा उघडायच्या, म्हणून त्या दोन बाटल्या मागे सारून ठेवल्या होत्या.

काल फळवाला नेहमीप्रमाणे संत्र्यांची टोपली ठेवून गेला. त्याला नको म्हणायचं राहूनच गेलं. खालची फळं आताच मऊ पडायला लागली आहेत. शनिवारी सकाळी रस काढीन. ते करायचे तसं बघून बघून माझे हात करतील, पण कुठे थांबायचं ते मला कळणार नाही. तू दोन ग्लास प्यायलीस. लहानपणी दुधात पाणी पडलं तर घोटभरात ओळखायचीस. ती चव आता तुझ्याच जिभेवर आहे. तेव्हा ये. चमचा मी पुढे धरीन. तू तक्रार करत राहा. गप्प झालीस, की मी बाटल्या भरीन.

येतेस की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. फोन नको. फोनवर तू रडतेस.

तुझीच,
ताई