चहाच्या कपांतली रोपं

रविवार, ९ मार्च

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतं.

घटस्फोटाच्या कागदांवर सह्या होऊन महिना झाला, तरी हात आपोआप 'सूनबाई' लिहितो. चालवून घे. फोनवर बोलले असते, पण तेव्हा तो समोर बसलेला असतो.

जाताना तू बियांचे ट्रे खिडकीत ठेवून गेलीस. टोमॅटो लगेच वर आला, वांगीही. मिरची इतका वेळ लावते हे मला ठाऊक नव्हतं. मी दोनदा बोटाने माती उकरून पाहिली. शेवटी आली एकदाची, आळशी कुठली.

सगळी रोपं काचेकडे माना वाकवतात. मी ट्रे फिरवते, ती पुन्हा वळतात. दिवसभर हाच उद्योग. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते आठवत नाही.

जमिनीत लावण्याआधी त्यांना थोडं थोडं ऊन-वारं दाखवायचं, हे तुझं वाक्य लक्षात होतं. म्हणून गॅलरीत ठेवते, आत आणते, परत नेते. शेजारीण म्हणाली, "अहो आजी, अंगडं-टोपडं तेवढं घालायचं राहिलंय."

"पोरं असती तर एवढं सोसलं नसतं मी," म्हटलं.

ती हसली.

टोमॅटोचा ट्रे जिन्यात पडला. पायरीवर बसून चमच्याने एकेक रोप उचललं. पानाला धरून, देठाला नाही, तू दाखवलं होतंस तसं. निम्मी वाचली. ती आता चहाच्या कपांत आहेत. मी चहा पेल्यातून पिते.

ट्रे ठेवलेत त्या खोलीला त्याला रंग द्यायचा आहे. म्हणाला, "आई, हे आजच्या आज बाहेर काढ."

"रात्री अजून गारठा पडतो. आठवडाभर थांब."

"बाजारात ढिगाने मिळतात रोपं."

"मिळतात. ही नाही मिळत."

वर 'पडला' असं लिहिलंय. पडला नाही. त्याने फेकला. माझ्या अंगावर नाही, पण मी दारातच उभी होते. नंतर तो जेवायला बसला आणि मीठ मागितलं. मी दिलं.

त्याचा राग तुला माहीत आहे. आता घरात तो काढायला दुसरं कोणी नाही.

तुझ्या नव्या खोलीपुढे हातभर माती आहे म्हणाली होतीस. रोपं न्यायला इकडे येऊ नकोस. मीच गुरुवारी सकाळच्या बसने घेऊन येते. बरोबर एक पिशवी असेल. कपडे, औषधं, चष्मा.

एवढी रोपं लावायला एक सकाळ पुरते, हे मला कळतं. मला त्याहून जास्त राहायचं आहे. किती, ते आत्ता सांगता येत नाही. मी कुणाच्या मध्ये येणार नाही, आणि स्वयंपाक अजून नीट जमतो.

नको असेल तर तसं स्पष्ट कळव. तुझ्यावर माझा काही हक्क उरलेला नाही, ते मी जाणते.

त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला विचारते आहे.

तुझी,
सासू