बिनफोडणीची कढी

उमरेड, ४ मार्च २०२५

चि. सौ. शामलास यमुताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून कागदावर विचारते. शेजारचे कृष्णकांत रोज सकाळच्या बसने नागपूरला जातात. तेच पत्र देतील आणि उत्तरही आणतील. टाळाटाळ चालणार नाही.

रविवारी तू गार्गीची चोरओटी हौसेने भरलीस. माझ्या लेकीला तिसरा महिना, मावशीचा मान, सगळं कबूल. पण तुझ्या घरी कढीला फोडणी काहून नव्हती वं? दाराला कडुनिंबाचा डहाळा कशाला? आणि तुझा नातू आर्यन एरवी आल्याआल्या माझ्या पिशव्या उचकतो, तो आतल्या खोलीतच? डास चावले म्हणालीस. निघताना मी दार ढकलून पाहिलं. पोटा-पाठीवर पुरळ, काही नुसते लाल ठिपके, काही पाण्याने भरलेले. डास काय पाणी भरून ठेवतात?

माता आली असेल तर तसं सांग. घरात मातेचे सगळे नियम पाळायचे आणि पाहुण्यांना तेवढं सांगायचं नाही, ही कुठली रीत? गार्गीला कांजिण्या कधीच आलेल्या नाहीत. गरोदरपणी पहिल्यांदा आल्या तर तिलाही धोका, बाळालाही. आजच तिला डॉक्टरांकडे नेतेय. ताप कधीपासून, पुरळ कधी दिसलं, सगळं लिही. माया आहेच, ती किती उरेल ते उत्तर वाचून ठरवीन.

यमुताई

इतवारी, नागपूर, ५ मार्च

ती. यमुताईस शामलाचा साष्टांग नमस्कार.

तुझा संशय खरा आहे. आर्यनला शुक्रवारी ताप आला, शनिवारी छातीवर लाल ठिपके, रविवारी त्यांत पाणी. आता जुन्यांवर खपली धरतेय आणि शेजारीच नवे उगवताहेत. डॉक्टर म्हणाले, कांजिण्याच. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते, ती सगळ्यांवर खपली धरेपर्यंत. खाजवून खाजवून हैराण झालाय, मी नखं कापून टाकलीत.

मग गार्गीला घरात का घेतलं? कारण तिला कांजिण्या येऊन गेल्यात. पाच वर्षांची होती, आम्ही कुहीला राहायचो आणि उन्हाळ्यात ती माझ्याकडे होती तेव्हा. तुझी बी.एड.ची परीक्षा चालू होती. कळलं असतं तर पेपर टाकून आली असतीस. ऊन फार आहे, उशिरा धाडते म्हणून कळवलं आणि खपल्या पडल्यावरच तिला धाडलं. तिच्या भुवईवरचा खड्डा झोपाळ्यावरून पडल्याचा नाही, ताई. रविवारी सांगायला हवं होतं, पण बावीस वर्षांचं खोटं ओटीच्या ताटापुढे तोंडातून निघेना. चुकले मी. हवं तितकं रागाव, येणं मात्र तोडू नकोस.

तुझी शामला

उमरेड, ८ मार्च

चि. सौ. शामलास आशीर्वाद.

तुझ्या शब्दावर मी विसंबले नाही. डॉक्टरांनीही नुसत्या आठवणीवर न राहता रक्त तपासलं. आज रिपोर्ट आला. कांजिण्यांविरुद्धची ताकद तिच्या रक्तात आधीपासून आहे, काळजीचं कारण नाही. गार्गी हसली. मी मात्र दवाखान्याच्या बाकावर बसून रडले.

इतकी वर्षं मी चारचौघांत सांगत आले की माझी लेक कधी माझ्यावाचून आजारी पडली नाही. आता कळतंय की तिच्या उशाशी तू बसली होतीस. बाळ वाचलं म्हणून तुझे पाय धरावेत, की मला आई असून दूर ठेवलंस म्हणून भांडावं, ते ठरत नाही. आर्यनच्या खपल्या पडल्या की येईन. त्याआधी एकच गोष्ट लिही, आणि या वेळी खरी. त्या तापात ती कुणाला हाक मारत होती?

यमुताई