कागदावर एकटीचं नाव

आई, घराचा कागद आला. इंग्लंडातल्या घराचा, माझ्या एकटीच्या नावाचा. आला म्हणजे पोस्टाने नाही, फोनवर मेलमध्ये आला. चार पानं, ना शिक्का, ना कोणाचा अंगठा. मी त्याच्यासाठी चेनचं जाड फोल्डर आणून ठेवलं होतं. वकीलबाईला विचारलं की मूळ कागद कधी हातात पडणार, तर ती म्हणाली, हाच. सरकारदरबारी तुमचं नाव लागलं, झालं. मग मी तीच पानं छापून फोल्डरमध्ये घातली. तुला आनंद व्हावा म्हणून हे लिहीत नाही. तू जाऊन बरीच वर्षं झाली, आणि असतीस तरी तुझ्या तोंडून ‘बरं झालं गो’ एवढं निघालं असतं असं मला वाटत नाही. आधी विचारलं असतंस, भावाला सांगितलंस काय?

कागद आल्यापासून मला सारखी पेणच्या घराची मागची पडवी आठवते. नवरा हात उचलायचा म्हणून मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाहून पोरीला घेऊन तुझ्याकडे आले आणि तू आम्हा दोघींचं अंथरूण तिथे टाकलंस. पोर तेव्हा पाच वर्षांची. तू व्यापाऱ्याला पापड लाटून द्यायचीस आणि ते त्याच पडवीत जुन्या लुगड्यांवर वाळत घालायचीस. त्यामुळे नीट उजाडलेलंही नसतं आणि तुझी हाक येते, “उठ गो, अंथरूण उचल, पापड घालायचे हायेत.” मी पोरीला तशीच झोपेत उचलून स्वयंपाकघरात नेते. तिथे तू पिठाची वळी दोऱ्याने कापत बसलेली असतेस, आमच्याकडे मान वर करून बघत नाहीस. लाट्या मात्र सगळ्या एकसारख्या, शेजारणी बघायला यायच्या. एकदा पोरीने चुकून ओल्या पापडावर पाय दिला, तेव्हा तू तिच्या पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, “आपल्या घरी जाऊन नाच काय ते.” आपलं घर कुठलं हे तिच्या आईलाही सांगता येत नव्हतं, आणि तू ते पोरीला सांगत होतीस. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी काही फार मागत नव्हते. पडवीतच राहीन, लग्नाआधी नर्सिंग केलंय तर दवाखान्यात नोकरी बघीन, म्हटलं. बाबा गेल्यापासून घर आपल्या तिघांच्या नावावर होतं. मी सामानासकट परत आलेली बघून भावाला वाटलं असणार, ही आता वाटा मागणार, पण तो बिचारा तोंडाने काही बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती, तू होतीस ना. “हक्कसोडावर सही करून टाक,” तू म्हणालीस. “नुसता कागद हाय. भावाच्या मनातली भीती जाईल. मग तू कधी पन ये, तुला कोन बोलनार नाय.” मी विचारलं, “आणि आता मी राहू कुठे?” तू पापड उलटत म्हणालीस, “तुझं घर रोह्याला हाय ना.” त्या घरात काय चालायचं ते माझ्या दंडावर तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतंस.

रजिस्टर ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, “बाई, हक्क सोडताय तो खुशीने ना? कोणी जोर तर केला नाही?” नियमाचा प्रश्न, सगळ्यांना विचारतात. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, “व्हय साहेब, खुशीनं.” साहेबांनी पान उलटलं. मी सही केली, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. बाहेर आल्यावर तू आपल्या पदराने तो अंगठा पुसलास, थुंकी लावून, घासून घासून, मी शाळेतून शाई माखून यायचे तेव्हा पुसायचीस तसाच. आई, त्या पुसण्याचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा कशाचाच नाही.

भावजयीने साडी दिली, पुरणपोळी केली. सही होईपर्यंत मला कोणी गोडाचं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू आम्हाला रोह्याच्या गाडीत बसवलंस आणि स्वतःही बसलीस. मी वाटेत कुठे उतरून जाईन असं वाटलं की काय तुला? कासू गेलं, नागोठणं गेलं. निडीला गाडी थांबली तशी तू पोरीला खिडकीशी ओढलंस. “ते बघ आजीचं घर, चिंचेच्या मागं.” कसलं तुझं घर? तूही तुझ्या भावांना लिहून दिलं होतंस आणि जन्मभर मिरवलंस, की मी एका शब्दाने अडवलं नाही. त्या स्टेशनावरून तू आयुष्यभर गेलीस-आलीस, पण सही केल्यानंतर एकदाही तिथे उतरली नाहीस, कारण तुला कोणी बोलावलंच नाही. म्हणजे माहेर कसं उघडं राहतं ते तुला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर मी सोडून दिलं असतं. ठाऊक असून तू माझ्या गळ्यात तेच बांधलंस.

पुढे मला हात दिला तो अष्टमीतल्या शेजारच्या मुसलमान मावशीने, तिला आम्ही खाला म्हणायचो. तिने जावयाला सांगून मस्कतच्या दवाखान्यात माझं काम लावून दिलं, आणि मी जम बसवेपर्यंत पोरीला सांभाळलं. तुझ्याकडे ठेवायचा विचारही मनात आला नाही. तू गेलीस तेही मला दुसऱ्याकडून फोनवर कळलं. भावाने घर विकलं. आता तिथे इमारत आहे आणि पडवीच्या जागेवर लोक मोटारसायकली लावतात.

मस्कतहून मी पुढे पोरीला घेऊन इंग्लंडात आले. आता इथलं ऐक. घरासाठी कर्ज काढलं. बँकेचा नियम असा, की ज्याचं नाव कागदावर नाही पण जो घरात राहणार, अशा प्रत्येक मोठ्या माणसाने लिहून द्यायचं, माझा या घरावर काही हक्क असला तरी तो बँकेच्या आड येणार नाही. घरात राहणार मी आणि मुलगी. घर तिनेच शोधलं, मागच्या खोलीचा रंगही तिनेच निवडला. तिने कागद वाचला आणि विचारलं, “म्हणजे हे घर माझं नाही?” आणि माझ्या तोंडून निघालं, “सही कर गो. नुसता कागद हाय.” इतकी वर्षं झाली, मी कोणाला ‘गो’ म्हटलेलं नव्हतं.

इथे अशा सहीसाठी वेगळा वकील देतात आणि तो माणसाशी एकटं बोलतो. मला बाहेर बसवलं. मी मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते. ती नाही म्हणाली तर घर हातचं जाईल, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवशी तुझंही असंच झालं असेल, असं मनात आलं. पण तुला त्याची सूट मी देणार नाही. माझ्या मुलीला कोणी मारत नव्हतं, आणि मी तिला कुठल्या गाडीत बसवणार नव्हते.

ती बाहेर आली आणि कोटाची बटणं लावायला लागली.

“काय विचारलं?”

“कोणी जोर केला का, म्हणून.”

“मग?”

“मग काय, सांगितलं खुशीने.” माझ्याकडे तिने बघितलं नाही.

कागदावर तिचंही नाव घालता येतं, बँकेला विचारावं लागतं एवढंच, असं वकीलबाई म्हणाली होती. मी अजून विचारलेलं नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा त्याच फोल्डरमध्ये ठेवते आणि फोल्डर माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. मुलगी रोज कामावरून आली की विचारते, “आई, कागद आला?” मी म्हणते, अजून नाही.