लिहायचा हात

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. रविवार आहे, खोलीवर एकटीच आहे, आणि खालच्या मजल्यावरचं बाळ रडून रडून आत्ताच झोपलंय. फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाहीस, मग मीच दोघींच्या वाटचं बोलून ठेवून देते. या खेपेला मला तुझ्याकडून काहीतरी हवंय, म्हणून कागद घेतला. भाऊजींना वाचायला देऊ नकोस. लेक शाळेत गेली की तुझं तूच वाच, सावकाश.

आधी बातम्या. सरावासाठी मिळालेली शाळा तशी बरी आहे. दुसरीचा वर्ग. खिडक्या इतक्या उंच की उजेड पोरांच्या डोक्यावरून जाऊन थेट मागच्या भिंतीवर पडतो, त्यामुळे सकाळीसुद्धा दिवा लावावा लागतो. खडू, ओले बूट आणि डबे यांचा मिळून एक वास असतो, तो माझ्या कपड्यांना घरीही सोडत नाही. पहिल्या दिवशी फळ्यापुढे उभी राहिले आणि तोंडचं पाणी पळालं. पुढच्या बाकावरच्या एकाने विचारलं, तुम्ही खऱ्या बाई आहात का? मी म्हटलं, अजून नाही. तेव्हापासून वर्गाच्या बाई त्या ‘मोठ्या बाई’ आणि मी ‘छोट्या बाई’. कॉलेजात शिकलेलं सगळं आठवड्याभरात गुंडाळून ठेवलं. दिवसभर पेन्सिलींना टोक करायचं, नाकं पुसायची आणि ‘बाई, हा माझ्याकडे बघतोय’ अशा खटल्यांचा निवाडा करायचा. आईला वाटतं मी शिकवते. वाटू दे.

या वर्गात एक मुलगी आहे. पोरं तिला गोगलगाय म्हणतात, आणि मोठ्या बाईसुद्धा, लाडाने का होईना, तेच म्हणतात. सगळ्यांचा धडा उतरवून होतो तेव्हा हिची तारीख लिहून होते. डावखुरी आहे. लिहिताना तळहात लिहिलेल्यावरूनच सरकतो, म्हणून त्याची कड कायम शिशाने काळी. प्रश्न विचारला की उत्तर ओठांपर्यंत यायला तिला वेळ लागतो, तोवर पुढचे चार जण ओरडून मोकळे झालेले असतात. मी तिच्या बाकाशी नुसती थांबायला लागले. काही बोलायचं नाही, घाई करायची नाही. मग एक दिवस तिचा हात खांद्यापर्यंत आला. काही दिवसांनी कानापर्यंत. आणि एकदा चक्क डोक्याच्या वर, अगदी ताठ. त्या दिवशी मी घरी येताना स्वतःशीच हसत होते, रस्त्यावरचा चांभार माझ्याकडे बघत राहिला.

मला तेव्हा तू आठवलीस. आपल्या शाळेत माझी दुसरी आणि तुझी चौथी एकाच खोलीत भरायची ना. तपासणीला साहेब आले होते, मी खाली सतरंजीवर, तू मागच्या बाकावर. साहेब प्रश्न विचारत होते आणि तुझा हात सारखा वर. एकदाही खाली आला नाही. तुला कुणी विचारलं नाही, पण मी अभिमानाने फुगले होते. घरी येऊन बाबांना सांगितलं, आमच्या ताईला सगळं येतं, तिचा हात सारखा वर होता. तू उठून स्वयंपाकघरात गेलीस. मला वाटलं, लाजलीस.

असो. सराव पाठांतला सगळ्यात मोठा पाठ गेल्या मंगळवारी होता. कॉलेजच्या मॅडम मागे बसून गुण देणार, आणि त्या गुणांवर पुढचं सगळं अवलंबून. विषय आला हातच्याची वजाबाकी. माझी झोप उडाली, पण मग आठवली आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. तू दहा-दहा बटणं दोऱ्यात ओवून मला शिकवायचीस. सुटी बटणं कमी पडली की एक माळ घ्यायची, दोरा सोडायचा, झाला हातचा. मी रडत होते, तू तीनदा दोरा ओवलास आणि तीनदा सोडलास. मी बटणांच्या जागी काड्या घेतल्या, दोऱ्याच्या जागी रबर. पोरांना असं जमलं म्हणतेस! ज्यांची नेहमी बोंब असते तीसुद्धा रबर सोडून काड्या मोजायला लागली.

पाठाच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, अगं, मॅडमपुढे सगळ्या वर्गाचे हात वर दिसले पाहिजेत, नाहीतर वर्ग मेलेला वाटतो. त्याला एक युक्ती आहे, आम्ही सगळ्या तेच करत आलो. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. आपण उजव्या हातांनाच विचारायचं. मॅडम खूश, पोरांचीही फजिती नाही. मला ते पटलं नाही असं मी म्हणणार नाही. पटलं. फक्त दुसरीच्या पोरांना डावं-उजवं कुठे कळतंय? म्हणून मी माझी अक्कल चालवली. वर्गाला सांगितलं, उत्तर येत असेल तर लिहायचा हात वर करा, येत नसेल तर दुसरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाठ झकास झाला. प्रत्येक प्रश्नाला हातांचं रान उभं राहायचं आणि मी त्यातून उजवे तेवढे वेचत होते. गोगलगायीचा डावा हात दिसत होता. पहिल्याच प्रश्नापासून वर होता. मला वाईट वाटलं, एवढं करूनही हिला जमलं नाही म्हणून, आणि मी तिच्या शेजारच्याला विचारलं. नंतर तिच्या पुढच्याला. पुढे पुढे तर तिने एका हाताने दुसऱ्या हाताला कोपरापाशी आधार दिला होता. मी घामाघूम, डोळे उजवे हात शोधण्यात गुंतलेले. मॅडमनी जाताना पाठ थोपटली, काड्यांच्या कल्पनेचं फार कौतुक केलं. ती कल्पना माझ्या ताईची आहे, हे सांगायचं माझ्या जिभेवर होतं. नाही सांगितलं.

मधल्या सुट्टीत काड्या गोळा करत तिच्या बाकापाशी गेले. शेवटचं गणित तिने मांडून ठेवलं होतं, रबर सोडलेलं, काड्या नीट, उत्तर बरोबर. माझ्याकडे न बघता म्हणाली, बाई, मी लिहायचाच हात वर केला होता. तिच्या तळहाताची कड काळी होती. रोज बघत होते गं मी ती कड. मी तिथेच तिच्या बाकावर बसले, चुकलं म्हणाले, माझंच चुकलं म्हणाले. तिने मान डोलावली आणि डबा घेऊन बाहेर गेली.

तेव्हापासून ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. मी बाकाशी थांबते, पूर्वीसारखी, काही न बोलता. ती खाली बघत राहते. काल मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली, तर पोरं हसली आणि ती अजूनच आत गेली. तेही चुकलंच म्हणायचं. मॅडमना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, पाठ पुन्हा घ्यावा लागेल. घेईन. मोठ्या बाई मात्र चिडल्या नाहीत, मला त्यांनी चहा पाजला. बाई वाईट नाहीत गं त्या. म्हणाल्या, एवढं कशाला मनाला लावून घेतेस, पोरं विसरतात.

विसरतात का गं? परवा रात्री मला तो साहेबांचा दिवस पुन्हा दिसला. तुझा वर केलेला हात, बाही घसरून कोपरापर्यंत आलेली, आणि मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग. ताई, तो डाग तुझ्या डाव्या मनगटावर आहे, आणि तू लिहितेस उजव्याने. ज्या मुलीने मला दोरा सोडून हातचा शिकवला, तिला साहेबांचं गणित येत नव्हतं, हे मी कसं मानू? बोलताना अडखळतेस, साहेबांपुढे शाळेची शोभा नको, म्हणून तुला सांगितलं होतं का कुणी, तू आपला डावाच वर कर म्हणून? पाचवीत तू गेलीच नाहीस. घरात सगळे म्हणत आले की तिला शाळेची आवडच नव्हती, मीही म्हणत आले. आणि अजून लेकीला सोडायला जातेस तेव्हा रस्त्याच्या पलीकडेच उभी राहतेस, फाटकाशी जात नाहीस. मला वाटायचं, तुला घाई असते.

महिनाअखेरीला माझा सराव संपतो आणि मला ही शाळा सोडावी लागेल. तोवर तिचा हात मांडीखालून बाहेर यायला हवा, नाहीतर तो पुढे कधी येईल असं मला वाटत नाही. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. मला माहीत असलेल्यांत हे ठाऊक असेल असं एकच माणूस आहे. म्हणून लिहितेय. फोन करू नकोस, लिहूनच पाठव. कागदावर कुणी अडखळत नाही, आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. एवढंच सांग, तेव्हा कुणी काय केलं असतं, तर तू पुन्हा हात वर केला असतास?

तुझीच,
तुझ्यामागे शाळेत आलेली शेपूट