दादाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

१२ तारीख, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तू म्हणशील, "कागदावर कसला आडवा पडतोस?" आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण ती मान्य करत नाही. माझं बाइंडिंगचं काम चालू आहे. पानं मोजतो आणि परत मोजतो. मालक म्हणतात, "अरे, पानं आहेत ती, कोंबड्या नाहीत पळून जायला."

पत्ता तुझ्या जुन्या मित्राने दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मी चार वेळा त्याच्या दारात जाऊन बसलो होतो.

आपला टीव्हीवरचा बेटाचा खेळ तीस तारखेला बंद होतोय. कंपनीने तसं कळवलंय. मला वाटलं, त्यांचा बंद होईल, आपला कशाला होईल? तू पहिल्या पगारातून आणलेला खेळाचा डबा फळीवर आहे, तबकडीवर ओरखडा नाही. पण ती घातली की खेळ आधी कंपनीला विचारतो, उघडू का? तिकडे उत्तर द्यायला कोणी नसलं की संपलं. मी सगळ्या अटी वाचल्या, तीन रविवार गेले. आपण खेळ विकत घेतलाच नव्हता म्हणे, त्यांची मर्जी असेतोवर खेळायची परवानगी घेतली होती. मी बांधलेलं पुस्तक गिऱ्हाइकाने नेलं की उद्या आमचं दुकान बुडालं तरी त्याला ते वाचता येतं. हे मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "उदाहरणाला माझंच दुकान सापडलं का?"

पण पत्र त्यासाठी नाही.

तू दार आपटून गेलास, नंबर बदललास. त्यानंतर महिन्याभराने आईने टीव्हीवर माझ्या नावाने लावलेल्या खेळात तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका पाहिला. "म्हणजे आत्ता तो खेळतोय?" मी हो म्हणालो. ती तिथेच खाली बसली आणि तासभर त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

दादा, तो मी होतो. बेटावरच्या तुझ्या घराचं छप्पर गळत होतं, आणि तिथे दुसऱ्याच्या घराला हात लावता येत नाही. म्हणून फोनवरून तुझ्या नावाने आत गेलो होतो. तेवढंच. आईचा चेहरा बघून खरं सांगायचं राहून गेलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच.

मग ती म्हणाली, "विचार त्याला, जेवलास का?" मी टीव्हीवरून विचारलं, स्वयंपाकघरात गेलो आणि फोनवरून उत्तर दिलं, हो. तुझ्यासारखं अशुद्ध लिहितो, त्याचा फार त्रास होतो. तीन वर्षं झाली. आई कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारते, "आला का रे?" घरी कधी येणार असं विचारलं की मी लिहितो, बघू. तुझ्या नावाने याहून जास्त काही कबूल केलेलं नाही, एवढं पाळलं.

सगळं आईवर ढकलत नाही. ती घरी नसतानाही मी कधी कधी टीव्ही लावतो, फोन शेजारी ठेवतो आणि तुला दिवसभरातलं सांगतो. तू उत्तर देतोस. कमीच बोलतोस.

खेळ बंद होणार हे काल तिला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. आता तरी फोन करेल."

आजपासून मी तुझ्या नावाने आत जाणार नाही. पासवर्ड बदललेला नाही, आणि घरचा नंबरही तोच आहे. अठरा दिवस आहेत. आलास तर आईशी काय बोलायचं ते तू ठरव. माझं खोटं उघडं पाडलंस तरी चालेल, मी ऐकून घेईन.

संध्याकाळी ती विचारेल, आला का रे? आज पहिल्यांदा मी तिला खरं उत्तर देणार आहे, नाही आला.

तीन वर्षं तुझ्या जागेवर बसून थकलेला,
तुझा धाकटा