पाकिटामागची बारीक अक्षरं

ता. ९ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बाबा परवापासून पलंग ते संडास एवढ्याच फेऱ्या मारताहेत, याला तू ठीक म्हणत असशील तर सगळे ठीक.

तुझं खोकं मिळालं. काय तो थाट! सूपची पाकिटं, सॉसच्या बाटल्या, कसल्याशा पिठाचा पुडा, वर तुझी चिठ्ठी: "ताई, सगळं ग्लुटेन-फ्री आहे, बिनधास्त दे." अरे शहाण्या, नुसता गहू टाळून भागत नाही, बाबांना पोटासाठी डॉक्टरांनी लो फॉडमॅप सांगितलंय. म्हणजे कांदा, लसूण, गहू, मध, सगळं बंद. फोनवर कितीदा सांगितलं; तू आपला "हो हो" म्हणत गाडी चालवत होतास. सूपच्या पाकिटावर पुढे हिरवंगार पान, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत कांद्याची पूड, लसणाची पूड. सॉसमध्ये मध. पौष्टिक म्हणून मिरवणाऱ्या त्या पिठात चिकोरीच्या मुळाचं फायबर, म्हणजे बाबांच्या पोटाचा फुगाच. एवढा मोठा साहेब तू, पाकीट उलटं करून बघायला हात दुखला?

मी दुकानात उभी राहून एकेक बरणी डोळ्यांशी धरते. दुकानदार मला "तपासणी अधिकारी" म्हणतो. म्हणू दे. तुझं खोकंही तसंच तपासलं, बाजूला सारलं आणि भाजी आणायला गेले. परत येते तर बाबा सूप पीत बसलेले. दुसरा वाडगा.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाबा, मागचं वाचलं नाहीत?"

पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तो, त्यांच्या नजरेतून टिंब सुटत नाही. म्हणाले, "वाचलं की. कांदा आहे, लसूणही आहे. पोराने आठवणीने पाठवलंय गं."

किती महिने मी बिनकांद्याचं रांधतेय. माझ्याकडे दुसरा वाडगा त्यांनी कधी मागितला नाही. राग तुझा येतो की त्यांचा, कळत नाही. खोटं कशाला बोलू, तुझा हेवा वाटतो.

खोकं परत पाठवलंय. यापुढे काही पाठवू नकोस. स्वतः ये, आणि रिकाम्या हाताने ये. तू विष आणलंस तरी ते चाटूनपुसून खातील, आणि निस्तरायला मीच असेन.

तुझी,
अजून इथेच असलेली ताई