बोगद्यातली खुर्ची

११ फेब्रुवारी

उभा राहिला! नळवाल्याने पाईप वाकवले, कमानी रोवल्या, वरून प्लास्टिक ढोलासारखं ताणून बसवलं. तो 'टनेल, टनेल' म्हणतो. मी बोगदाच म्हणणार. बाहेर गारठ्याने बोटं वळत नव्हती आणि आत गेल्या गेल्या शाल काढावी लागली.

नवऱ्याची चाकांची खुर्ची मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावून ठेवली होती. सगळं नीट दिसावं म्हणून. अंगणातल्या त्याच्या सिमेंटवर पहिला घण पडला तेव्हा आतून आवाज आला — ब, ब, ब! अर्धांगाचा झटका आल्यापासून तेवढंच येतं त्याला.

नळवाला म्हणाला, "काकांना काही हवंय का?"

"नाही हो," म्हटलं. "त्यांना आनंद झालाय."

१२ फेब्रुवारी

जीभ अजून 'अहो'च म्हणते. इतक्या वर्षांची सवय. इथे कागदावर मात्र मी 'तो'च लिहिणार. इथे कोण येतंय टोकायला!

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी याच अंगणात माझी वांगी लागली होती. बोटाएवढी, जांभळी. मी आईकडे गेले होते. परत आले तर सिमेंट. सपाट, ओलं, वर पाय देऊ नये म्हणून दोरी बांधलेली. म्हणाला, "तुझ्या पायांनी घरभर माती येते." बस्स. भांडणसुद्धा झालं नाही. भांडायला दोन माणसं लागतात, आणि या घरात तेव्हा एकच होतं.

त्याची गाडी विकली त्यातून बोगदा आला. गाडी कुणी नेली तेही मी त्याला सांगितलं. अगदी सावकाश, शब्द न् शब्द नीट पोचेल असं.

२ मार्च

टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची पेरली. ट्रे फळीवर मांडले. त्यालाही आत नेलं. सिमेंट फोडून आता जी मधली वाट केली आहे, तिच्यावरून खुर्ची बरोबर जाते. नाकाला ओल्या मातीचा वास गेला तसं त्याने तोंड फिरवलं.

"घरात माती येते ना? मग तुम्हीच मातीत या," म्हटलं.

डावा हात चांगला आहे त्याचा. उजवा मांडीवर पडलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

९ मार्च

अर्ध्याहून अधिक रोपं रात्रीत आडवी. देठ तळाशी काळे पडून सुतासारखे बारीक झालेले. पाणी जास्त झालं, हवा कोंडली. चूक माझीच. पण राग त्याच्यावर काढला. त्याचा चहा समोर ठेवला, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. साय धरेपर्यंत तिथेच राहू दिला. मग ओतून टाकला.

असंच करायचा तो. मी आजारी असले की औषधाची बाटली वरच्या फडताळात ठेवायचा — "उठून घेतलंस की बरी होशील."

नवीन बी टाकलं.

२८ मार्च

रोपं वाफ्यात लावली. सकाळी आत गेलं की छताला दव धरलेलं असतं, आणि दुसऱ्या कमानीच्या जोडाशी एक थेंब सारखा पडत राहतो. टप. थोडं थांबून, टप. मी आधी त्याखाली बादली ठेवत होते.

आज बादली काढली आणि खुर्ची ठेवली. चाकाला अडकण लावली. थेंब बरोबर टकलावर.

तो वर बघायला लागला की थेंब डोळ्यात. मान खाली घातली की मानेत. मी पलीकडे सुतळी बांधत होते. मोठ्याने गाणं म्हणत होते!

२९ मार्च

आजही तिथेच ठेवला.

१४ एप्रिल

वन्सं आल्या होत्या. त्याची थोरली बहीण — लहानपणापासून याच्या नावाने बोटं मोडत आलेली आणि तरी याच्यावर जीव टाकणारी. बोगद्यात दोघांना बघून त्यांचे डोळे भरले.

"अगं, किती करतेस त्याचं! इतर बायकांनी कधीच एखाद्या संस्थेत टाकला असता. तू देवमाणूस आहेस."

"माझं कर्तव्यच आहे वन्सं," म्हटलं.

तो माझ्याकडे बघत होता. वाघाची नजर शेळीच्या तोंडावर लावल्यासारखी. सांगून टाक ना, मी मनात म्हटलं. ब, ब, ब करून सांग!

जाताना वन्सं त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ याचा. डोळ्यांत अजून तोच रुबाब."

३ मे

फुलं आली. बोगद्यात वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून फुलं हलवावी लागतात, नाहीतर फळ धरत नाही. मी पेन्सिलीने देठावर टिचकी मारत जाते. पिवळी भुकटी उडते.

त्याच्या डाव्या हातात एक काडी दिली. "करा काहीतरी. फुकटचं खाता ते पचत नाही." हेही त्याचंच वाक्य. त्याने काडी खाली टाकली. मी उचलून परत दिली. त्याने परत टाकली. शेवटी मीच कंटाळले.

५ मे

व्यायामवाली आठवड्यातून दोनदा येते. हसरी, धिप्पाड पोरगी. मला काकू म्हणते, त्याला काका. आज तिने त्याला डाव्या पायाने जमीन रेटून खुर्ची सरकवायला शिकवली. घरभर फिरवला. "बघा काकू, काकांचं वाहन चालू झालं!"

मला काय, चालू होवो. जाणार कुठे!

१७ मे

आज मला एक दिसलं आणि तेव्हापासून डोक्यात घण पडतायत.

मी खिडकीत भांडी पुसत होते. बाजूचं प्लास्टिक वर गुंडाळलेलं, बोगद्यात तो एकटा. वाकून, जिभेचं टोक दातात धरून, काडीने एकेक फुलाला टिचकी मारत होता. एक झाड झालं की पायाने खुर्ची रेटायची, पुढचं झाड. टिचकी मारली की थांबून बघायचा. काय बघत होता? भुकटी?

जाऊन पाहिलं. त्याच्या बाजूची रांग माझ्यापेक्षा जास्त धरली आहे. झुपकेच्या झुपके. आणि तो हसला! एका बाजूने, वाकडं — पण हसला. माझ्याकडे बघून. लहान मूल वही दाखवतं तसं.

लग्नानंतर इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे बघून असं हसल्याचं आठवत नाही. आता कशाला हसतोस रे!

१८ मे

त्याच्या रांगेतली सगळी फळं तोडली. हिरवी, सुपारीएवढी. त्याच्यासमोर उभी राहून तोडली, एकेक करून, बादलीत टाकत. आवाज यायचा — टण्, टण्. बादली भरत आली तसा तो आवाजही मऊ झाला.

तो रडला नाही. ओरडला नाही. आधी माझ्या हातांकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे.

"तुमच्या पायांनी घरभर माती येते," म्हटलं. आणि घरात आणून खिडकीशी ठेवला. आता बोगदा बंद. त्याला बंद.

उट्टं काढलं की छाती हलकी होते म्हणतात. जेवण गेलं नाही. पण झोप लागली, ते मात्र खोटं सांगणार नाही.

२६ मे

सकाळ झाली की खुर्ची रेटत मागच्या दारापर्यंत जातो आणि डाव्या हाताने दार थापटतो. मी ऐकते. चहा पिते.

६ जून

व्यायामवालीने धरलं आज मला. "काका उतरलेत. खात नाहीत, व्यायामात लक्ष नाही. बोगद्यात नेत होतात ना त्यांना? मग आता काय झालं?"

"ऊन फार आहे."

"सकाळी न्या. तिथे गेले की ते बोलायला बघतात काकू, माझ्या लक्षात आलंय. मागे तिथेच एकदा 'फूल' म्हणाले."

फूल! माझ्यासमोर नाही म्हणाला कधी.

परत न्यायला लागले. काय करू, तिला संशय आला तर?

१९ जून

कसं लिहू? जसं झालं तसंच लिहिते.

पावसाने दडी मारलेली, कडक ऊन. सकाळी त्याला आत ठेवला आणि बाजूचं प्लास्टिक वर गुंडाळायचं असतं ते गुंडाळलं नाही. दार ओढलं, बाहेरून कडी घातली. बाजारात गेले. पाव घेतला. परतताना झाडाखालच्या बाकावर बसले. विसरले होते, असं सांगणार आहे मी सगळ्यांना. विसरले नव्हते. बाकावर बसून मला आत किती तापलं असेल ते तळव्यावर जाणवत होतं. उठावंसं वाटलं. उठले नाही.

घरी आले तर व्यायामवाली अंगणात. आज तिचा दिवसही नव्हता. तिची एक पेशंट गावाला गेली म्हणून ती इकडे आलेली. तो सावलीत आडवा, डोक्यावर ओला टॉवेल, तोंड लालभडक. बोगद्याच्या कुशीला लांबलचक चीर. काकड्या कापायची बाकदार सुरी फळीवर राहिली होती. खुर्ची रेटत तिथवर गेला, डाव्या हाताने प्लास्टिक फाडलं आणि चिरेतून तोंड बाहेर काढून बसला. असा तिला सापडला.

खरं सांगते, आधी नजर गेली ती फाटलेल्या प्लास्टिकवर.

"काकू," ती म्हणाली. आवाज पार बदललेला. "कडी बाहेरून होती."

"मांजर येतं गं. रोपं उकरतं."

ती त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालत राहिली.

२० जून

डॉक्टर येऊन गेले. वाचला. व्यायामवालीने वन्संना फोन केलाय. मला न विचारता.

२२ जून

वन्सं आल्या. रिकामी बॅग घेऊन. बसल्याही नाहीत. याचे कपडे भरायला लागल्या.

व्यायामवाली दारात उभी. मी ओट्याशी. त्याची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी.

वन्सं त्याच्यासमोर वाकल्या. "हे बघ, मला खरं सांग. घाबरू नकोस. हिने कोंडलं तुला?"

नळ गळत होता तो मी घट्ट केला. मनात म्हटलं, झालं, आता भर रस्त्यात वरात निघणार माझी. आणि दुसरं मन म्हणत होतं, घेऊन जा. न्या एकदाचं!

त्याचं तोंड हललं. गळ्याच्या शिरा ताणल्या.

"मी... म्हणालो... लाव."

वन्सं सरळ झाल्या. "काय?"

"कडी. मी... म्हणालो. थंडी."

"या उन्हात थंडी? डोकं फिरलंय तुझं! चल, माझ्याकडे चल. दोन खोल्या रिकाम्या आहेत, बाई ठेवू, सुखात राहशील."

त्याने डाव्या हाताने टेबलाचा पाय धरला. वन्संनी खुर्ची ओढली तर टेबलही सरकलं, वरचं मीठ सांडलं. बोटं सोडवेनात. शेवटी वन्सं रडायलाच लागल्या. "मर मग इथेच!" म्हणाल्या, भरलेले कपडे उपसून टाकले आणि रिकामी बॅग घेऊन गेल्या.

व्यायामवाली मात्र जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांनी झाकलं तुम्हाला. मी विसरणार नाही."

२३ जून

दिवसभर त्याच्यासमोर ताट ठेवून लगेच आत गेले. का? का झाकलंन माझं? मी असते त्याच्या जागी तर नसतं झाकलं. ओरडून आळी गोळा केली असती.

बुटाला माती लागलीय त्याच्या. पुसली नाही.

२५ जून

चीर जोडली. चिकटपट्टी त्यांनी धरली, मी ओढली. दोन्ही बाजूंचं प्लास्टिक वर गुंडाळलं. आरपार हवा.

'त्यांनी' लिहून गेले की! राहू दे. खोडत नाही.

३० जून

पहिला पिकलेला टोमॅटो. माझ्या रांगेतला — त्यांच्या रांगेला मी काही ठेवलंच नव्हतं, आता कुठे दुसरी फुलं धरतायत. चार फोडी केल्या, मीठ लावलं. भरवायला गेले तर त्यांनी फोड माझ्या हातातून घेतली आणि स्वतः खाल्ली. रस हनुवटीवर. मी पुसला. त्यांनी पुसू दिला.

"माझं चुकलं," म्हटलं. एवढंच. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

सुरी कशी धरायची ते दाखवलं — देठाशी, तिरपी, एका झटक्यात. "काकड्या आता तुम्हीच कापा," म्हटलं. सुरी त्यांच्याजवळच ठेवली.

आज बरं वाटतंय. उगाच नाही, खरंच.

४ जुलै

सुतळी आणायला गेले होते. परत आले तर सगळी कापलेली. टोमॅटो, काकडी, मिरची, माझी रांग, त्याची रांग, एकूण एक. मुळाशी, तिरपी, एका झटक्यात. वरची पानं अजून ताजी होती, सुतळीला लटकून उभी. पानांना अजून कळलं नव्हतं.

तो वाटेच्या टोकाला बसला होता. सुरी मांडीवर. दमलेला, घामाघूम, शांत.

सुतळीचं बंडल खाली ठेवलं आणि म्हटलं, "अहो, मग वन्संकडे का नाही गेलात?"

शब्द जुळवायला वेळ लागला त्याला. पण घाई नव्हती.

"तिथं," तो म्हणाला, "तू... नसतीस."